सुनंदाताईंकडे राहिलेलं पाणी

ताईंच्या घरच्या मंडळींनो, त्यांनी शिकवलेल्या पोरापोरींनो, पुरानी बस्तीतल्या शेजाऱ्यांनो,

मले सभेत बोलता येत नाही. आठवीच्या पुढं शाळा पाहिली नाही. सुरतेले कापड रंगवायच्या कारखान्यात असतो. ताई गेल्या कळलं अन् निघून आलो. सांभाळून घ्या.

सुनंदाताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवत, हे तुम्हाले ठाऊक आहे. ताई पाण्यातलं एक विष शोधत. शरीरातल्या हार्मोनचं काम बिघडवणारं, पोटातल्या लेकराले बाधू शकणारं. त्यांच्याजवळ एक औषध होतं. खास दिव्याखाली निळं चमके. पाण्यात ते विष असलं की चमक मंद होई.

माझी बहीण रेखा उरल्यात, तिकडं कारखान्यांच्या भागात, राहते. गरोदर आहे. मागच्या सुट्टीत मी तिच्या बोअरचं पाणी ताईंकडे नेलं. निळी चमक विझत गेली.

ताईंनी बाटली हातात घेतली. चांगली जाड, कडक प्लास्टिकची. फुटू नये म्हणून मीच निवडलेली. उन्हात सायकलले बांधून आणलेली.

"अरे पोट्ट्या, असल्या बाटलीतूनच ते विष सुटते! आता चोर पाणी का बाटली, कसं सांगू?"

"पण ताई, रेखानं पाणी प्यावं का नाही?"

"मले माहीत नाही. काचेत आण."

एवढी शिकलेली बाई. माझ्यासारख्यापुढं "माहीत नाही" म्हणाली. कोण म्हणते असं?

तवापासून रेखा दुसऱ्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, हंडा वाहते. सातवा महिना लागला. मी ड्यूटीवर, दूर. गेल्या आठवड्यात भाऊजी काचेच्या बाटलीत पाणी देऊन आले. ताईंचा फोन आला, "सोमवारी पाहते रे." रविवारी त्या गेल्या.

बाटली अजून लॅबच्या फ्रिजात आहे.

आज सकाळी रेखाले सांगितलं, ताई गेल्या. लई रडली. मग हळूच म्हणाली, "दादा, अन् पाणी?" मले राग आला. मग माझीच लाज वाटली. काहून विचारू नये तिनं?

ताईंचे विद्यार्थी इथं बसले आहेत. हात जोडतो, तुमच्यापैकी कोणीतरी तो दिवा लावा. वाईट निघालं तरी लपवू नका.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं ताईंसाठी कोणी बोलू नका.

त्यानंतर मात्र कोणीतरी बोला. परवा माझी गाडी आहे.