माळकर सरांचा सत्कार

मंडळी, चित्त इकडं द्या. ते मागचे, मोबाईल खिशात घाला — देव काही फोन करत नाही! प्रश्न एकच. ज्या माणसानं आपल्याला घडवलं, त्याच्या हातून आता काम होत नाही, तर त्याला बाजूला कधी करावं?

ऐका. कोल्हापूरची गोष्ट. लग्नाची तारीखसुद्धा मॅच बघून धरणारं गाव! तिथल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाला माळकर सर शिकवायचे. उभा जन्म मैदानावर गेला. कप आणले, पोरं घडवली. पण अलीकडं? हार, हार आणि हार. खेळ बदलला, सर बदलले नाहीत. काठावरून ओरडायचे, "लांब मार! उंच मार!" आणि समोरची पोरं जमिनीवरून पास देत देत निघून जायची. घरी आले की जेवण जाईना. बायको म्हणायची, "अहो, दोन घास तरी खावा." सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी जिंकतो बघ."

कॉलेजचे प्राचार्य कोण? विलास सरनाईक — सरांचाच जुना गोलकीपर. त्यांनी ठरवलं, नवा कोच आणायचा. चुकलं का? नाही! पोरांची वर्षं वाया जात होती. पण सरांना सांगायचं कुणी? जीभ रेटेना. मग आपण करतो तेच केलं — सत्कार ठेवला! फेटा, शाल, श्रीफळ. म्हणाले, सर काय ते समजून घेतील.

सर समजले नाहीत हो. फेटा बांधून माईकसमोर उभे राहिले. डोळे भरलेले. "मला वाटलं होतं, हरतोय म्हणून काढून टाकाल. तुम्ही तर मान दिलात. उद्या सकाळी सगळ्यांनी मैदानावर यायचं. यंदा कप आपला." आणि मंडळी — लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या.

सकाळी सर मैदानावर गेले. नवा कोच पोरांना पळवत होता. पोरांनी माना खाली घातल्या. तो कोच बिचारा येऊन पाया पडला. "सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

प्राचार्य धावत आले. सर शांतपणे म्हणाले, "विलास, फायनलला तुला संघाबाहेर बसवलं होतं मी. तुझ्या घरी येऊन, तुझ्या आईसमोर सांगितलं. तू ताटावरून उठलास. तुला परत ताटावर बसवलं, तुझ्याबरोबर जेवलो, मगच गेलो. मला काढलंस, त्याचं काही नाही. पण काल मला भाषण का करू दिलंस?"

 आणि सर वळून घराकडं निघाले.

त्या वर्षी संघ जिंकला, मंडळी. प्राचार्य पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. सरांनी पेढा खाल्ला, एकेका पोराची नाव घेऊन चौकशी केली. पण मैदानावर पुन्हा पाऊल टाकलं नाही. मंडईला जातानाही तो रस्ता टाळून, लांबचा वळसा घेऊन जायचे. गुडघे दुखायचे, तरी जायचे.

आता मला सांगा, प्रश्न 'कधी'चा होता का? वेळ तर झालीच होती! तुमच्याकडं वळतो. दुकानाच्या गादीवरचे वडील असतील, मंडळाचा अध्यक्ष असेल, भजनातला म्हातारा पखवाजवाला असेल — ज्याच्याबद्दल सगळ्यांचं ठरलंय आणि फक्त त्यालाच ठाऊक नाही, असा एक माणूस तुमच्याही आसपास आहे. शाल नंतर आणा. आधी त्याच्या शेजारी बसा, तोंडावर सांगा, आणि तो रडला तर उठू नका. देवाचं नाव इथं घेतलंत, आता त्या माणसाकडं जा, तो जागा आहे तोवर.