बिनमालकाच्या माइकला अध्यक्ष

…नाही, पण मला एक सांगा, ज्या गोष्टीला मालकच नाही तिला अध्यक्ष कशाला लागतो? शी, वीट आला मला! तुम्हाला सांगते, नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात मी आणि माझ्या वर्गातल्या हरिओमनं वर्षभर डोळे फोडून ॲप केलं. सर्व्हर नाही, कंपनी नाही, परवानगी नाही. तुमच्या फोनवरून आवाज माझ्या फोनवर, माझ्यावरून पुढच्याच्या, पंगतीत पत्रावळ्या सरकवतात तसा. कुणीही उठावं, थेट बोलावं, गावं, आणि कुणालाच कुणाचा आवाज बंद करता येऊ नये. हरिओम म्हणालाही, "विशाखा, आवाज बंद करायचं एखादं बटण ठेवू." मीच नाही म्हणाले. का? तर माझी आई.

आई माझी, पंचफुला, लातूर जिल्ह्यात अहमदपूरला असते. स्वतः गाणी रचते, गाते. दर जयंतीला स्टेजच्या मागं हाताला पदर गुंडाळून उभी, आणि माइक? माइक या पुरुषाकडून त्या पुरुषाकडं, शेवटी जनरेटर बंद. गाणं आपलं पोटातच. म्हणून ठरवलं, आमच्या ॲपवर पहिला आवाज तिचा. रविवारी सकाळी ती कुकर उतरवून, पंखा बंद करून, पिठाच्या डब्याला फोन टेकवून बसली. मी इकडं हॉस्टेलवर, हेडफोन लावून. आईनं घसा साफ केला, "तर मी…" म्हणाली, आणि माझ्या कानात असं काही फुटलं की मी खुर्चीतून पडता पडता वाचले.

"हॅलो, हॅलो, माइक चेक. पोरी, अध्यक्ष कोण हाय?"

मारोतीमामा. आईचे सख्खे भाऊ, नांदेडचे, रिटायर हेडमास्तर.

"मामा, याला अध्यक्ष नसतो. इथं सगळे सारखे."

"हाव ना, सगळे सारखेच. पण त्यातला अध्यक्ष कोण?"

तेवढ्यात रेणापूरहून हरिओमचे चुलते, व्यंकटकाका, "कार्यक्रम लातूर जिल्ह्यातून होऊन राहिला, अन् अध्यक्ष नांदेडचा?" झालं. मामा म्हणतात ॲप नांदेडात बनलं, काका म्हणतात गाणारी लातुरात बसली. भांडण म्हटल्यावर गावंच्या गावं आत आली, आणि येणारा प्रत्येक जण आधी विचारणार, अध्यक्ष कोण? कुणाच्या मागं म्हैस हंबरतेय, कुणी थेट, सगळ्या मराठवाड्याच्या कानात, गुळण्या करतोय… शी, अजून अंगावर काटा येतो. हरिओमचा फोन, "काकाला बंद कर ना." कशानं करू?

शेवटी काकांनाच सुचलं. "पंचफुलाबाईचं माहेर नांदेड, सासर लातूर. त्यांनाच करा अध्यक्ष." मामाही खूश. घराघरातून टाळ्या. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले हो माझे, जिच्या हाती कधी माइक आला नाही ती अध्यक्ष. म्हटलं, "आई, गा आता."

"येडी का तू?" मामा म्हणाले. "अध्यक्ष शेवटी बोलत असतेत."

मग स्वागत. मग प्रास्ताविक. मग स्वागतात ज्यांची नावं राहिली त्यांची दिलगिरी, मग दिलगिरीत ज्यांची राहिली त्यांचा रुसवा… आणि आई तशीच बसलेली, पंखा बंद करून. ऊन कललं, बॅटऱ्या संपून एकेक फोन गळाला, तेव्हा कुठं मामा म्हणाले, "आता अध्यक्षांनी." मी हेडफोन कानाशी गच्च दाबला. म्हटलं गा बाई, आहोत तेवढे ऐकतो.

आईनं घसा साफ केला. "वेळेअभावी मी गाणं रद्द करते. परंतु अध्यक्ष या नात्यानं दोन शब्द…"

आता तुमच्याशी बोलतेय ना, या कानात ती चालूच आहे. आत्ताशी स्वागतातच आहे. मामा झोपले, काका शेताकडं गेले, हरिओमनं फोनच बंद केला, ऐकणारी मी एकटी. मधूनच विचारते, "विशाखा, ऐकून राहिलीस ना?"

हाव म्हणते. अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं?