भट्टीतलं मला कळतं

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला स्वतःच्या घरातली भट्टी स्वतः दुरुस्त करायची मुभा आहे की नाही? बाहेर उणे पस्तीस, कुत्रं दार उघडल्यावर बाहेर बघतं आणि परत फिरतं, आणि आमच्या जमिनीतल्या जाळ्यांमधून, जिथून गरम हवा यायची तिथूनच, गार वारा. भणाण नुसता. आणि आई माझी त्या जाळीवर उभी, अंगात कोट, डोक्याला रुमाल, वर रजई, आणि मला विचारते काय, तर कोणाला तरी बोलवायचं का रे ओरेस्ट? आता तुम्हाला सांगतो, मी जन्म काढला कॅनडातल्या या मॅनिटोबात, धान्याच्या कोठारांचे हे एवढाले पंखे दुरुस्त करून पोट भरलं, आणि मी कोणाला बोलवू? भट्टीतलं मला कळतं.

असतं काय हो त्यात? तळघरात एक पत्र्याचं कपाट. आत गॅस पेटतो, पंखा ती ऊब घरभर ढकलतो, संपलं. गॅस पेटला नाही तर पंखा बिचारा गारच ढकलणार, त्याचा काय दोष? म्हणून मी आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघितला, बरोबर होता, तरी सेल बदलले. मग खाली जाऊन हवेची गाळणी काढली, ती धुळीनं फेल्टच्या टोपीसारखी झालेली, मी म्हटलं सापडला चोर, नवी घातली... गार वारा. बरं. मग पुढचं झाकण काढून वाकून बसलो. ज्योत पेटायची, निळी, सुरेख, मला वाटायचं जिंकलो, आणि तेवढ्यात फुस्स. ती गेली की पंखा आपला सुरूच, माझ्याच तोंडावर. ज्योत ओळखणारी एक बारीक सळई असते तिथे, ती मी घासून लख्ख केली. पुन्हा पेटली. पुन्हा फुस्स. मी वर ओरडून सांगितलं की आई, जवळजवळ झालंच आहे, आणि वरून काही उत्तर आलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आई फोनवर होती. डार्लीनशी.

डार्लीन म्हणजे माझी बायको. म्हणजे होती. आता ती लॉर्नची बायको आहे, आणि लॉर्न भट्ट्या दुरुस्त करतो. गावात भट्टीवाले दोनच, त्यातला दुसरा थंडी पडली की मेक्सिकोत वाळूवर जाऊन पडतो, भट्टीवाला! म्हणजे पावसाळ्यात छत्रीवाल्यानं दुकान बंद करावं तसं झालं. तेव्हा राहिला कोण? मी आईला म्हटलं, जगात कोणालाही बोलव, त्याला नको. आई म्हणाली, मी त्याला कुठे बोलावलं, मी डार्लीनला बोलावलं, तो येईल तिच्याबरोबर.

आला. तो आला, ती आली, आणि मी तळघराच्या जिन्याशी उभा, हाताला काजळी, नाकाला काजळी. लॉर्न फार बोलत नाही. त्याला नावं ठेवायला मी पाच वर्षं जागा शोधतोय, सापडत नाही, याचाच जास्त त्रास होतो. खाली आला, वाकला, मी घासलेली सळई बघून म्हणाला, चांगली साफ केलीस. आता या माणसाचा राग तरी कसा करायचा? मग त्यानं विचारलं, बाहेरचा पाइप बघितलास का, धूर जायचा? मी म्हटलं, लॉर्न, त्याच्याभोवतीचं बर्फ परवा मी स्वतःच्या हातानं काढलंय, भट्टीतलं मला कळतं. आणि त्यानं विश्वास ठेवला! लोक माझ्यावर विश्वास ठेवतात ना, तिथेच घोळ होतो.

मग काय, त्यानं एकेक भाग काढून बघितला आणि शेवटी उठून मान हलवली. धूर बाहेर ढकलणारी छोटी मोटर गेली असावी, म्हणाला, भाग विनिपेगहून येणार, सोमवारच्या आत नाही. तो शनिवार होता. मी म्हटलं काही हरकत नाही, विजेचा हिटर आहे, मी आणि आई स्वयंपाकघरात बसू, वर आलो तर आई कुठे? आई दारात. हातात बॅग. बॅग भरलेली होती हो! मी खाली सळई घासत होतो तेव्हाच तिनं भरलेली दिसत होती, वर तिची उशीसुद्धा बांधलेली.

डार्लीन म्हणाली, "आई आमच्याकडे राहतील, भट्टी नीट होईपर्यंत. तूही चल."

तूही चल! मी लॉर्नच्या घरी, लॉर्नच्या सोफ्यावर, लॉर्नची रजई घेऊन? मी म्हटलं, मी इथेच बरा, आणि आईला म्हटलं, तू त्यांच्याकडे गेलीस तर गाव काय म्हणेल? आई म्हणाली, "गाव म्हणेल म्हातारी शहाणी आहे."

डार्लीन गाडी दाराशी आणायला बाहेर गेली. आणि आलीच नाही. आम्ही तिघं दारात, आई रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा बांधतेय, मी आणि लॉर्न भिंतीकडे बघतोय. मग घराच्या बाजूनं ती चालत आली, हातात एक काठीसारखं काहीतरी, निळं-पांढरं, गोठून कडक झालेलं. तिनं ते टेबलावर ठेवलं, खट्ट वाजलं.

"हे बाहेरच्या पाइपात कोंबलेलं होतं, गाडीकडे जाताना दिसलं," ती म्हणाली. "आणि हा मफलर मी विणलेला आहे."

खरंच की. मला दिलेला, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. मी आईकडे बघितलं. आई अगदी शांत. म्हणाली, "तूच रोज बोंबलत होतास ना, सगळी ऊब बाहेर चालली म्हणून? मी काल बघितलं तर त्या पाइपातून भसाभस वाफ. बंद केलं तोंड. आणि मफलर तू घालत नव्हतास, म्हटलं कुठे तरी कामी येऊ दे."

म्हणजे वाफ आधी त्या लोकरीतून जात राहिली, मग तिथेच गोठली, आणि पाइप बंद. मला हसू यायला लागलं होतं, पण लॉर्न हसला नाही. तो खुर्ची ओढून आईच्या समोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, पुन्हा असं करू नका. भट्टी शहाणी, आपली आपण बंद पडली. नसती पडली तर धुरातला विषारी वायू घरात भरला असता, आणि तुम्ही दोघं झोपेतून उठला नसता." आईनं माझी बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मीही हात काढून घेतला नाही. तेव्हा मला भट्टीतलं कळतं असं काही म्हणावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

लॉर्ननं पाइप मोकळा केला, खाली जाऊन बटण दाबलं, ज्योत पेटली आणि टिकली, आणि जाळीतून आधी कोमट, मग अशी झकास गरम हवा आली. आईनं कोट काढला, शेगडीवर पाणी ठेवलं, बटाट्याच्या करंज्या, आमचे पेरोगी, फ्रीझरमधून काढले. लॉर्न म्हणाला, आम्ही निघतो. आई म्हणाली, बस. तिच्यापुढे कोणाचं चालतं? तो बसला. डार्लीन सवयीनं कपाट उघडून ताटल्या काढू लागली, कुठली ताटली कुठे ते तिला माझ्यापेक्षा पाठ. साय आणि तळलेला कांदा लॉर्नच्या ताटलीत डोंगराएवढा, माझ्या ताटलीत औषधापुरता. मी बघितलं. चौघं जेवलो, गप्पासुद्धा झाल्या, तुम्हाला सांगतो, चांगल्या झाल्या.

तेव्हापासून ते दोघं दर रविवारी जेवायला असतात. मी एकदा आईला म्हटलंच, अगं, घटस्फोट झालाय आमचा. तर पेरोगी उकळत्या पाण्यात सोडता सोडता, मागे वळूनही न बघता म्हणाली, तुझा झालाय, माझा कुठे झालाय?