सोमवारचा चुरमा

(पंचवटीतला दातांचा दवाखाना. खुर्चीत बारा वर्षांची आरोही. शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, तिची आत्या मंजुषा.)

आत्या : तेवढे घासून पांढरे करा डॉक्टर, म्हंजे झालं. येत्या सोमवारी माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन हाये. घर भरून पाहुणे येतील, अन् ही पोरगी तोंडावर हात ठिवून हसती.

आरोही : आत्या, मी हसतच नाही.

आत्या : खोटं! परवा कपाटाच्या दाराआड खिदळत व्हती.

डॉक्टर : आ कर आरोही. आणखी मोठा... मंजुषाताई, हे डाग घासून जाणारे नाहीत. दातांवरचं कडक कवचच कच्चं राहिलंय.

आत्या : रोज सांगते, नीट घास म्हणून.

आरोही : घासते गं!

डॉक्टर : तिचा दोष नाही. आरशात बघा. या बाजूच्या दाताला जिथे डाग आणि आडवी रेघ, तिथेच त्या बाजूच्या जोडीदारालाही. वरही तसंच, खालीही. कीड अशी जोडीजोडीने लागत नाही. हिरडीत दात घडत होते तेव्हाच काहीतरी कमी पडलंय. पाणी कुठलं पिता?

आत्या : मळ्यातल्या विहिरीचं. शेवंती लावतो आम्ही. पण हिचे चुलतभाऊ तेच पाणी पितात, अन् दातानं ऊस सोलतात मेले.

डॉक्टर : मग पाणी नसावं. पोटाची काही तक्रार?

आत्या : पोटाची कशाला? आम्ही दातांसाठी आलो.

डॉक्टर : दात कधीकधी पोटाची चुगली करतात.

आरोही : माझं पोट फुगतं. तोंडही सारखं येतं.

आत्या : अन् उंची वाढंना. शाळेत रांगेत पहिली उभी करतात. म्हणून तर सोमवार धरले मी, हिच्याच पोटासाठी!

डॉक्टर : रोज दुखतं का गं?

आरोही : मंगळवारी जास्त. शाळा बुडते.

आत्या : कवायत असती ना मंगळवारी!

आरोही : कवायत शुक्रवारी असते, आत्या.

डॉक्टर : मग सोमवारी काय खातेस?

आरोही : चुरमा. आत्याने देवाला दाखवला की मला वाटीभर. संपवावाच लागतो.

आत्या : प्रसाद हाये तो! कणकेचा, साजूक तुपातला, गूळ घालून. हिचा वाटा मी मुद्दाम मोठा काढते.

डॉक्टर : आणि बरं कधी वाटतं?

आरोही : नवरात्रात. आत्यासोबत उपास करते ना. भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी. पोट एकदम गप्प.

आत्या : देवीची कृपा.

डॉक्टर : असेलच. पण त्या दिवसांत पोटात गहूही नव्हता.

आत्या : ...म्हंजे? ज्या पोटासाठी व्रत धरलं, त्याच पोटात मी...

आरोही : आत्या, रडू नको ना. चुरमा मस्त असतो तुझा.

डॉक्टर : अहो, रोजची पोळीही गव्हाचीच. काहींच्या शरीराला गहू सोसत नाही. आतडी खराब होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. सीलिॲक म्हणतात त्याला. दात घडतानाही त्याचे असे डाग राहू शकतात. पण मी दातांची डॉक्टर, मला नुसती शंका येते. रक्त तपासावं लागेल, मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल.

आत्या : आजपासून गव्हाचा कण घरात नाय!

डॉक्टर : थांबा, थांबा! तपासण्या होईपर्यंत नेहमीचंच खायचं. आधीच गहू बंद केला, तर तपासणीत काही सापडणार नाही.

आरोही : म्हणजे उद्या बिस्किट?

डॉक्टर : उद्या बिस्किट. मात्र आजार पक्का ठरला, तर जन्मभर गव्हाचा एक घासही नाही. प्रसादाचासुद्धा.

आत्या : प्रसादाला नाय म्हणायचं?

आरोही : आणि मिसळीला?

डॉक्टर : पाव सोड, पापड घे. भात, ज्वारी, बाजरी, नागली सगळं चालतं. दात मात्र खाण्याने नवे होणार नाहीत. पुढच्यांवर मी दाताच्याच रंगाचा थर देईन. आज दोन करू.

आत्या : करा. मग इथून आम्ही कपालेश्वराला जातो.

आरोही : आज कशाला?

आत्या : बोलायचंय. दुसरीकडं नंदीच्या कानात सांगता येतं. कपालेश्वरात महादेवापुढं नंदीच नाय, थेट तोंडावर बोलावं लागतं.

आरोही : काय बोलणार?

आत्या : महादेवा, उद्यापनाचा चुरमा कणकेचाच. पोरगीबी खाईल, डॉक्टरांनी सांगितलंय. पण गहू तिला बाधतो असं निघालं, तर पुढं तिचा वाटा राजगिऱ्याचा. चालंल ना?

आरोही : आणि नाही म्हणाला तर?

आत्या : उपाशी मी राहिले. तो कुठं राहिला?

डॉक्टर : अगं, हळू! खुर्चीतून पडशील. आरोही... आत्ता हसताना हात कुठे होता तुझा?

आरोही : आत्याच्या हातात.