किसनरावांची नोंद परत बदला

साहेब, पुलाच्या कामावरून पडलेला माणूस तुम्ही ऑफिसात बसून किरकोळ केलात. मेहकर स्टँडवर, नांदुऱ्याच्या गाडीच्या रांगेत मी ऐकलं. त्या पडलेल्या किसनरावांच्या पत्नी जनकाबाई तुमच्याच साइटवरच्या कंप्युटरवाल्या रवीला विचारत होत्या.

"कामगार ऑफिसवाले म्हणतात, तुह्या काकाले अपघातच नाही झाला, भरपाई भेटत नाही. तूच लिहिलं होतं ना बे?"

"हाव काकू. त्याच दिवशी, 'अपघात' म्हणून."

"मंग?"

"वरून हुकूम आला. अपघाताच्या साऱ्या नोंदी 'किरकोळ घटना'त टाका. सॉफ्टवेअरले एकदा सांगितलं, एका झटक्यात एकेचाळीस बदलल्या."

"त्यात काकाचं नाव नाही दिसलं तुले?"

"नावं दिसत नाहीत काकू. नुसते नंबर."

"लय शहाणी हाय तुह्यी मशीन. एका झटक्यात हाडं जोडली! चार महिने झाले, त्याइले कुशीवर मी वळवतो."

"परत बदलता येते काकू. मिनिटाचं काम हाय."

"मंग कर ना!"

"मी तेच म्हटलं साहेबाले. त्या दिवशीच माहा पासवर्ड बंद झाला."

गाडी लागली. जनकाबाई चढल्या नाहीत.

साहेब, मिनिटाचं काम आहे. कधी करता? तारीख सांगा, लेखी.