मधात बसनारी

माहेर माहं कौंडण्यपूरजवळचं, वर्धेच्या काठचं, बाप काळ्या वावरात कापूस पिकवे, अन् आमच्या घरधन्यायले अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तरकी भेटली तवा मी संसाराले लागली. काय सांगू तुमाले, तवा कापसाच्या भावानं मानसं येडी झाली होती. गोऱ्यायच्या मुलखात कुठंतरी लढाई चालू होती म्हने, अन् इकडं आमच्या बाजारात बैलगाड्यायची रांग हटे नाई. काल ज्याच्या अंगात फाटका सदरा, तो आज जरीचा फेटा बांधून हिंडे.

अशातच एका कापूस-दलालाच्या मनात आलं का आपल्या विधवा सुनेले लिहाले-वाचाले शिकवावं. गोदा तिचं नाव, माह्याच वयाची, नवरा पटकीनं गेलेला. दलाल आमच्या यायले म्हने, घरी येऊन शिकवा, जे मागान ते देतो. हे म्हनले, शिकवतो, पन माही बायको संग बसंल, दार उघडं राहील, तुमच्या घरचं पानी पेनार नाई अन् सनावाराले धोतरजोडी घेनार नाई. मास्तर म्हनून येईन, मास्तर म्हनूनच निंगीन.

मंग काय, इकडं हे, तिकडं गोदा, अन् मधात मी, वाती वळत. अन् आमच्या यायचा तो आवाज, बाई! हो, असं, बरोबर, आता पुढचं अक्षर काढा. काढा म्हनत तिले, अहो-जाहो! अन् घरी मले? लोटा कुठं हाय, मीठ काहून कमी हाय. तिचं अक्षर जमलं का यायच्या तोंडावर असा उजेड पडे, तसा माह्याकडे पाहून कवा पडला नाई. जीव जळे माहा. उलटीकडून पाहून पाहून मलेबी चार अक्षरं येऊ लागली, पन मले कोन इचारते?

एक दिवस यायले जेवाले वाढता वाढता म्हनली, मलेबी शिकवा ना. हे हासले. म्हने, घरात मास्तर आनला तं नवरा कुठं ठेवू? चांगल्या मनानंच बोलले असतील, पन माह्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी डोकं दुखते म्हनून गोधडी ओढून निजली. पाहू, जातात का एकटे! गेले, अन् दलालाच्या दारातून परत आले. मले वाटलं माह्यासाठी आले, हरखलीच मी. तं म्हनतात, तू नाई तं धडा नाई. म्हनजे धड्यापायी, बाप्पा, माह्यापायी नाई! मंग तं मी हट्टालेच पेटली, गेलीच नाई. तेबी गेले नाई.

अन् एका दुपारी गोदाच आली ना दारात, डोक्यावरून पदर ओढून, भर बाजारातून, सारे पाहून राहिले. म्हने, वयनी, मी तुमचं काय घेतलं? तुमाले नवरा हाय, घर हाय. मले त्या घरात दळन अन् भिंती. तुमी बसल्या तं माही पाटी चालते, नाई तं सासरे म्हनून राहिले का बंदच करून टाकू. बरं होईल, असं माह्या तोंडापर्यंत आलं होतं, खोटं काहून बोलू. पन ती रडत नव्हती, निसती उभी होती, अन् तिच्या बोटाले पाटीवरची पांढरी भुकटी लागली होती. इतके दिवस एकटीच गिरवून राहिली होती वाट्टे. दुसऱ्या दिवशी वातीचा कापूस घेतला अन् जाऊन बसली. तोंड फुगवूनच बसली, पन बसली, तिले पुरं वाचता येईपर्यंत बसली.

हे देवाघरी जाऊन आता लय वर्सं झाली. गोदा अकोल्यात पोरीयच्या शाळेवर मास्तरीन झाली, आता तीबी म्हातारी झाली. दिवाळीले येते, माह्या पाया पडते, म्हनते तुमी बसल्या म्हनून मी शिकली. देव तिले सुखी ठेवो, मनापासून म्हनते मी. पन बोलता बोलता ती म्हनते ना, आमचे मास्तर असे होते, आमचे मास्तर तसं समजावून सांगत, तवा अजूनबी काळजात चर्र होते, जळते मी, ह्या वयात. जलमभर संग राहिली त्यायच्या, पन माहे मास्तर ते कवाच झाले नाई.