सगळ्यांसमोर नाही

अगं, त्या शुक्रवारी मी किती घाबरले होते म्हणून सांगू! आमचे हे इथे आखातात, सीबला, जपानी कंपनीत मॅनेजर होऊन जेमतेम महिना झाला होता. मीटिंगमध्ये ह्यांनी सगळ्यांदेखत जपानी साहेबांना सांगितलं, "सर, तुमचा प्लॅन चुकलाय." साहेबांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी निरोप आला, "शुक्रवारी घरी येतो."

"खलास!" हे म्हणाले. "नोकरीही गेली, व्हिसाही गेला."

मी बाप्पाला एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलले. शुक्रवारी नेमकी संकष्टी. माझा उपास, त्यामुळे आमटी चाखताही येईना.

साहेब आले आणि दारातच कमरेत वाकले.

"चूक माझीच होती," ते हळूच म्हणाले. "पण आमच्याकडे असं आधी एकट्याला सांगतात, सगळ्यांसमोर नाही. म्हणून घरी आलो."

बाप्पा पावला! मी पानं वाढली. साहेब मुकाट्यानं आमटी संपवत होते. तेवढ्यात हे माझ्यादेखत म्हणाले, "सर, नका खाऊ! हिनं आमटी खारट केलीय."

साहेबांनी पुन्हा डोळे मिटले.

मी मनातल्या मनात आणखी एकवीस बोलले.